घळीत राहिलेले साहेब

अबुधाबीत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलांना निसर्ग दाखवायची आमच्या आईवडलांना फार हौस. निसर्ग म्हणजे काय, तर आठवडाभर एसीत बसायचं, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गाडीने लांब कुठेतरी जायचं, उतरल्यावर "बघा, बघा" म्हणायचं, चटई पसरून मेथीचे पराठे खायचे आणि फोटो काढून परत यायचं. मी सोळा वर्षांची होते आणि या सगळ्याचा मला मनापासून तिटकारा होता. तो पुढेही फारसा कमी झाला नाही.

बाबा मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत एस्टिमेशनचं काम बघायचे. त्यांचे साहेब मराठी होते. परदेशात साहेब आपला माणूस निघणं म्हणजे नशीब, असं बाबा म्हणायचे. मला ते संकट वाटायचं. दुसऱ्या कुठल्या मुलखातला साहेब असता तर ऑफिस सुटताना तोही सुटला असता. हे साहेब आमच्या सत्यनारायणाला यायचे, आईच्या शिऱ्यात साखर जास्त झाली हे सांगायचे, मला मार्क विचारायचे आणि मी सांगितलेले मार्क ऐकून बाबांकडे असं बघायचे की बाबा लगेच म्हणायचे, "करेल, सर, पुढच्या वेळी करेल." मी इंग्रजीतून काहीतरी पुटपुटायचे. आई माझ्या दंडाला चिमटा काढायची.

त्या वर्षी हिवाळ्यात साहेबांच्या मनात आलं की ऑफिसमधल्या सगळ्या मराठी कुटुंबांनी मिळून डेझर्ट कॅन्यनला जायचं. अल ऐनच्या पलीकडे, हजर नावाच्या डोंगरात, एक घळ आहे, आत पाण्याचे डोह आहेत, एक टूर कंपनी बस आणि गाईड देते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ठरवलं साहेबांनी आणि राबले बाबा. बस ठरवणं, लोकांना फोन करणं, कोण कांदालसूण खात नाही हे विचारणं, सगळं बाबांकडे. घरी ते रोज रात्री हे काम असं करत बसायचे जसं काही मोठं टेंडर भरतायत. यायचं नाही असं मी दोनदा सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, "साहेबांना बरं दिसणार नाही." आमच्या घरातला तो शेवटचा शब्द होता.

शुक्रवारी सकाळी बस आमच्या बिल्डिंगखाली आली. गाईड दारातच उभा होता. मूळचा मंगळूरचा, पण जर्मन टुरिस्टांना फिरवून फिरवून त्याचं इंग्रजी कुठलंच राहिलं नव्हतं. डोक्यावर सफारी हॅट, अंगात खिशाखिशांचं जाकीट. त्या खिशांतून दिवसभरात च्युइंगमशिवाय काही बाहेर आलेलं मी पाहिलं नाही. दर वाक्याआधी "हबीबी" आणि दर वाक्यानंतर "यल्ला" म्हटलं की अरबस्तान पोचलं, असा त्याचा समज असावा.

ड्रायव्हरशेजारी गाईडची म्हणून एक एकटी सीट होती. ती साहेबांनी घेतली. गाईड बिचारा दांड्याला धरून उभा राहिला. साहेबांच्या गळ्यात नवा हँडीकॅम होता. त्यांचं बाकी सगळं सामान काकूंकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे होतं: मोबाईल, गोळ्यांची डबी, दुसरा चष्मा, नॅपकिन. काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या, कारण आई मागे बायकांत बसली होती आणि माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. काकूंना मी लहानपणापासून ओळखत होते, पण त्यांचं एखादं पूर्ण वाक्य ऐकल्याचं आठवत नव्हतं. त्या वाक्य सुरू करायच्या आणि साहेब ते संपवायचे.

अल ऐनचा रस्ता सरळसोट. दोन्ही बाजूंना नळ्यांनी पाणी पाजून जगवलेली झाडं, त्यांच्यामागे कुंपण आणि कुंपणामागे वाळू. गाईड माइकवरून वाळूची माहिती देत होता. साहेब मधूनमधून माइक काढून घेऊन त्याची माहिती दुरुस्त करत होते. साहेब अमेरिकेला जाऊन आले होते. खरी कॅन्यन त्यांनी तिथे पाहिली होती, हे अल ऐन येईपर्यंत बसमधल्या तान्ह्या बाळालासुद्धा कळलं. "त्याच्यापुढे ही म्हणजे गटार म्हणा ना," ते म्हणाले आणि बसभर लोक हसले. जे बघायला आपण भल्या पहाटे उठून निघालोय ते गटार आहे यात हसण्यासारखं काय होतं, हे मला समजलं नाही. सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले.

गाईडने आधी उंटांचा बाजार दाखवला, मग एका दुकानात नेलं. तिथे गालिचे, खजूर आणि चीनमधून आलेले पितळी खंजीर होते. दुकानदाराने गाईडला मिठी मारली. आमच्यातल्या बायकांनी सगळे गालिचे उलगडायला लावले, भाव दिरहॅममध्ये विचारून रुपयांत मोठ्याने सांगितले आणि काही न घेता बाहेर आल्या. घळीसाठी ठेवलेला अर्धा वेळ तिथेच गेला. गाईडला त्याचं दुःख नव्हतं. घळीत त्याला मिठी मारणारं कुणी नव्हतं.

दुपार झाल्यावर बस एका लहानशा गावाच्या कडेला थांबली. पुढे बसचा रस्ता नव्हता. खजुरांच्या बागेतून, पाण्याच्या पाटाच्या काठाने चालत जायचं होतं. बागेत काम करणारे लोक आमच्याकडे बघत राहिले. त्यांनी बघावं अशीच आमची वरात होती: कुकर, थर्मास, चटया, क्रिकेटची बॅट आणि हील्सच्या चपला घातलेल्या बायका.

घळ चांगली होती. हे मी तेव्हा कुणापुढे कबूल केलं नसतं. बाहेरून नुसता करडा डोंगर दिसतो आणि आत शिरलं की दोन्ही बाजूंचा दगड पाण्याने घासून घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत झालेला. वर आकाशाची पट्टी आणि खाली हिरवे डोह. डोहांत करंगळीएवढे मासे. आणि हात पोचेल तिथपर्यंत रंगाने लिहिलेली नावं, अरबीत, मल्याळममध्ये, इंग्रजीत. एक बदाम देवनागरीतही होता. आमच्यातल्या एका काकांना तो बघून भरून आलं. आपली माणसं इथपर्यंत पोचली म्हणाले.

गाईडने सांगितलं की ही घळ लाखो वर्षांची आहे. थोडं पुढे गेल्यावर ती कोट्यवधी वर्षांची झाली. मग त्याने एका दगडावर बसून च्युइंगम तोंडात टाकलं आणि त्याचं मार्गदर्शन संपलं.

काकू एका डोहाशी बसल्या होत्या. त्यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले होते आणि साडी पोटरीपर्यंत वर घेतली होती. मी जवळच होते. पाणी थंड असणार, कारण त्यांनी एकदम श्वास आत घेतला आणि मग हळूच सोडला. मला म्हणाल्या, "तूही ये." मी जाणार एवढ्यात साहेबांची हाक आली. त्यांना शॉट घ्यायचा होता. हात उंचावून ते सांगत होते की काय हा अवतार, पाय बाहेर काढ, फ्रेममध्ये येतायत. काकूंनी पाय काढले आणि ओल्या पायांतच चपला घातल्या.

पण साहेबांच्या फ्रेममध्ये फक्त काकूंचे पाय येत नव्हते. कुणाची बॅट, कुणाचं मूल, कुणाचा कुकर, सगळंच येत होतं. अमेरिकेतल्या कॅन्यनमध्ये म्हणे माणसं दिसतच नाहीत. शेवटी ते वैतागून म्हणाले, "जरा सगळे बाहेर व्हा बघू. मला घळ रिकामी पाहिजे." लगेच बाबा कामाला लागले. चला, चला, करत त्यांनी जेवणावरून माणसं उठवली, पोरांना पाण्यातून काढलं. उरलेले पराठे बसमध्ये खायचे ठरले. साहेब ट्रायपॉड घेऊन घळीच्या आतल्या वळणाकडे निघाले आणि आम्ही सगळे बागेतून बसकडे परत आलो.

बसमध्ये चढताना जो तो दमला होता. गाईडने डोकी मोजायच्या ऐवजी माइकवरून विचारलं की तुमच्या शेजारचा माणूस आहे ना. सगळे म्हणाले आहे. साहेबांना शेजारी नव्हताच, त्यांची सीट एकटी होती. त्या सीटवर आता गाईड स्वतः बसला, हॅट तोंडावर ओढली आणि झोपला. पुढची सीट भरलेली दिसत होती, त्यामुळे बाबा मागे जाऊन पराठे वाटू लागले. मी कानाला वॉकमन लावला होता. मला वाटलं साहेब मागे पत्ते खेळणाऱ्यांत असतील. पत्ते खेळणाऱ्यांना वाटलं पुढे असतील. बस सुटली.

त्यानंतरचा तासभर मला नीट आठवतो, कारण त्या सहलीतला तेवढाच वेळ बरा होता. बसमध्ये कुणी माहिती देत नव्हतं. पोरं झोपली. मागे हळू आवाजात गप्पा चालल्या होत्या, मधूनच कुणी गाणं गुणगुणत होतं. ही शांतता कुठून आली, असा प्रश्न एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही पडला नाही.

काकूंनी पिशवीतून संत्रं काढलं. ते सोलून अर्धं मला दिलं. मी वॉकमन काढला, कारण त्या बोलायला लागल्या होत्या. त्यांचं माहेर वाईचं. लहानपणी त्या आणि त्यांची बहीण नदीत पोहायच्या, घाटावरून थेट उडी मारायच्या, आणि एकदा पलीकडच्या काठाला पोचल्यावर कपडे इकडे राहिले म्हणून दिवेलागणीपर्यंत पाण्यातच बसून राहिल्या होत्या. हे सांगताना त्या हसल्या. मला त्यांचा वरचा एक दात वाकडा आहे हे त्या दिवशी प्रथम दिसलं. मला विचारलं की इथे जन्म काढून मला घर कुठलं वाटतं. मी म्हटलं, "आय डोन्ट नो, काकू." त्या म्हणाल्या, "बरंय. मला माहीत होतं, तरी काय फायदा झाला."

असं बोलणं माझ्याशी तोवर कुठल्याही मोठ्या माणसाने केलं नव्हतं. आमच्याकडची मोठी माणसं मुलांना फक्त दोन गोष्टी विचारायची: मार्क किती आणि जेवलीस का.

बस अल ऐनच्या अलीकडे पेट्रोल पंपावर थांबली आणि काकूंच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. काकूंनी तो काढून पाहिला, वाजू दिला आणि मग मागे वळून बाबांना हाक मारली. म्हणाल्या, "घ्या, तुमच्या ऑफिसचा दिसतोय."

बाबांनी फोन दोन्ही हातांनी घेतला. साहेबांचा फोन साहेबांपर्यंत पोचवणं हे पहिलं कर्तव्य असल्यामुळे ते वाजणारा फोन ओंजळीत धरून बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. प्रत्येक सीटवर वाकून बघत गेले. परत आले. गाईडच्या तोंडावरची हॅट त्यांनी स्वतः उचलली, खाली साहेब असतील या आशेने. खाली गाईड होता. फोन वाजायचा थांबला.

मग जो गोंधळ झाला तो मी वर्णन करत बसत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. एका बाईंना चक्कर आली आणि कुणी लक्ष देत नाही हे पाहून गेलीही. गाईड म्हणाला की जर्मन लोकांच्या बाबतीत असं कधी झालं नाही. ड्रायव्हर पठाण होता, तो एक शब्दही न बोलता बस वळवून आलेल्या रस्त्याला लागला. बाबांचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मला त्यांची दया यायला हवी होती. मला रागच आला. घरी मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा ते एवढे घाबरले नव्हते.

काकूंनी संत्र्याची सालं कागदात गुंडाळली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. साहेब सापडायला वेळ लागला नाही. खजुरांच्या बागेत एका चटईवर ते बसले होते. बागेतल्या लोकांनी त्यांच्यापुढे खजुरांची थाळी आणि कॉफी ठेवली होती आणि एक म्हातारा त्यांच्या पाठीवर हात ठेवून "माफी मुश्किला" म्हणजे काही चिंता नाही, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. साहेबांचे डोळे लाल होते. रडले होते की वाळू गेली होती, मी सांगू शकत नाही, पण डोळ्यांत वाळू गेलेला माणूस हुंदका गिळत नाही.

आम्हाला बघितलं आणि ते परत साहेब झाले. म्हाताऱ्याचे आभार मानायचे ते विसरले. उभे राहिले, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि तिथून बसपर्यंत बाबांना बोलत आले. बसमध्ये चढूनही थांबले नाहीत. साधी डोकी मोजता येत नाहीत तो माणूस माझ्या ऑफिसात टनांचे हिशोब करतो. याच्या जागी मी शिपाई ठेवला असता. उद्या सकाळी मला लेखी खुलासा पाहिजे. बाबा "सॉरी, सर" म्हणत होते, नुसतं तेवढंच, आणि मान खाली. सगळी बस ऐकत होती. आईने डोळ्यांना पदर लावला होता. गाईड, ज्याचं हे काम होतं, तो आता मागे जाऊन उभा राहिला होता.

काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्यांना कशाला बोलताय? मला माहीत होतं."

साहेबांनी वळून विचारलं, काय माहीत होतं.

"तुम्ही बसमध्ये नाही ते. सुटतानाच पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी जरा विचार केला. खरंच विचार केला, उत्तर टाळायला नव्हे. मग म्हणाल्या, "बोलावंसं वाटलं नाही."

आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. कुणी वेळ विचारावी आणि सांगावी तशा बोलल्या. साहेबांनी बसकडे पाहिलं, म्हणजे आमच्या सगळ्यांकडे, कुणीतरी काहीतरी म्हणावं म्हणून. जी माणसं सकाळी गटारावर हसली होती, ती सगळी एकाएकी चपलांचे बंद, खिडकीच्या काचा आणि पोरांची नाकं बघण्यात गुंतली. साहेब बसले. त्यांची जागा रिकामी होती, ते तिथेच बसले.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. बसमध्ये मान वर न करणाऱ्या बायकांना घरी वाचा फुटली. त्या वयात असं होतं, म्हणाल्या. हार्मोन्स असतात. मुलं शिकायला लांब गेली की बायकांच्या डोक्यावर परिणाम होतो. एकीने तर काकूंसाठी कुठल्या तरी बुवांचा अंगारा मागवायची तयारी दाखवली. नवरा मागे राहिला हे सांगायला बायको विसरली असती तर त्यांनी तिला माफ केलं असतं. विसरली नव्हती, ही अडचण होती. पुरुष मंडळींनी सोपा मार्ग काढला. त्यांनी साहेबांच्या चित्रीकरणाच्या हौसेचं कौतुक सुरू केलं.

बाबांना कुणी काही विचारलं नाही. खुलासाही मागितला नाही. दुसऱ्या कुणाला यात समाधान वाटलं असतं. बाबांची झोप उडाली. साहेब ऑफिसात त्यांच्याकडे बघतच नव्हते. शेवटी पुढच्या शुक्रवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन माफी मागायला निघाले, आणि आईला बरं नव्हतं म्हणून मला बरोबर घेतलं. चूक तुमची नव्हती, त्या स्वतः तसं म्हणाल्या, हे मी त्यांना गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "चुकीचा प्रश्न नाही गं."

दार काकूंनी उघडलं. साहेब बेडरूममध्ये होते. काकूंनी आत जाऊन सांगितलं, परत आल्या आणि म्हणाल्या की ते येत नाहीत. आम्ही हॉलमध्ये बसलो. काकूंनी चहा केला. मी कप आणायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं की साहेब आता फोनवर सगळ्यांना सांगतायत, ते मुद्दाम मागे थांबले होते, संध्याकाळच्या उजेडासाठी. "तसं असेल तर बरंच आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं, हेही तेव्हाच सांगितलं. साहेबांना अजून माहीत नव्हतं.

चहा झाला तरी साहेब आले नाहीत. मग बाबा उठले, शर्ट खाली ओढून सारखा केला, बेडरूमच्या बंद दारासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दाराची माफी मागितली. नीट, पूर्ण वाक्यांत. झाल्या प्रकाराची जबाबदारी माझी होती, सर, पुन्हा असं होणार नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. आतून टीव्हीचा आवाज जरा मोठा झाला.

काकू पुड्यातला पेढा खात म्हणाल्या, "दाराला आतून कडी नाहीये. जा की आत."

बाबा गेले नाहीत. त्यांनी काकूंना नमस्कार केला आणि आम्ही निघालो. लिफ्टमध्ये त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं."

मी म्हटलं, "बाबा, ही डिडन्ट इव्हन कम आउट."

"आले नाहीत," बाबा म्हणाले, "पण ऐकलं असणार." आणि घरी जाताना त्यांनी मला शावर्मा घेऊन दिला.